मृग दाखवा, साहेब!

कल्याणहून मुरबाडची एस.टी. धरावी आणि वेळ संध्याकाळची असावी. तुम्ही कधी या बाजूला आलात तर खिडकीची जागा पकडा आणि अधूनमधून वर पाहा. कल्याण सोडताना आभाळात मोजून चार-पाच चांदण्या दिसतात. म्हारळ, गोवेली, रायते मागे पडले की पंधरा-वीस होतात. मुरबाड सोडून सरळगाव, टोकावडे करीत गाडी माळशेज घाटाच्या पायथ्याकडे निघाली की मोजायचा नादच सोडून द्यावा लागतो. समोर सह्याद्रीची काळी भिंत उभी असते आणि तिच्या डोक्यावर चांदण्यांचा खच पडलेला असतो. मागे वळून पाहिले तर पश्चिमेला क्षितिजावर तांबूस-पिवळा उजेड पसरलेला. तो चंद्राचा नव्हे, कल्याण-भिवंडीच्या दिव्यांचा.

मी कृषी खात्यातला माणूस. भाताची रोपे, नागलीवरची कीड, खताच्या मात्रा हे माझे रोजचे विषय. शेतीचे पान सोडून साहेब आभाळात कुठे भरकटले, असे म्हणू नका. शेतीचे पंचांग सारे आभाळातच आहे आणि ते मला नीट वाचता येत नव्हते, हे मला एका आठ-नऊ वर्षांच्या पोरीने दाखवून दिले. घरात लहान मुले असलेल्या सर्वांना ती हकीकत सांगावी म्हणून हा लेख.

२०२३ सालचा जून. टोकावड्याच्या बाजूला एका पाड्यावर भाताच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे ओतायचे, तरंगलेले पोकळ दाणे काढून टाकायचे, तळाशी बसलेले दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. तुम्हाला हे पाठ आहे. मी नेहमीप्रमाणे बोलत होतो, "मृग निघाला आहे, आता उशीर करू नका." मोठी माणसे माना हलवत होती. बादलीजवळ उकिडवी बसलेली एक कातकऱ्याची पोरगी तरंगणारे दाणे बोटाने बाजूला करीत होती. तिने वर पाहिले आणि विचारले, "मृग निघाला तर दिसंल का? दाखवा ना साहेब."

भरदुपार होती. मी म्हणालो, "आता कसा दिसेल? रात्री बघ. पूर्वेला उगवेल."

वाचकहो, मी तीस वर्षे मृगाचे नाव घेत आलो. रोहिणीत राब भाजून तयार ठेवा, मृगात पेरा, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी उरका. पण मृग आकाशात कधी आणि कुठे असतो हे मला धड ठाऊक नव्हते. दिले ठोकून उत्तर. सरकारी माणसाला "ठाऊक नाही" म्हणायला जीभ वळत नाही, हा आमचा जुना आजार.

दोन दिवसांनी पुन्हा त्याच पाड्यावर गेलो. पोरगी वाटच पाहत होती. ती आणि तिचा चार-पाच वर्षांचा भाऊ रात्री अंगणात जागत बसले होते. "मृग नाही निघाला," ती म्हणाली. "विंचू निघाला." मला वाटले खराच विंचू. घाबरून विचारले, "चावला का कुणाला?" ती हसली आणि बोटाने जमिनीवर रेघ काढून दाखवू लागली. डोके, मध्ये एक लाल ठिपका आणि मागे वळलेली नांगी. चांदण्यांचा विंचू! ती दाखवीत होती ती वृश्चिक रास होती. तो लाल ठिपका म्हणजे ज्येष्ठा. जूनच्या रात्री आग्नेयेला ती अशीच वर येते. वृश्चिक म्हणजे विंचू, हे त्या पोरीला कुणी सांगितले नव्हते. तिला विंचू ठाऊक होता, म्हणून तो दिसला.

त्या वर्षी मृग कोरडाच गेला. अरबी समुद्रातल्या वादळाने पावसाचा घोटाळा केला आणि मुंबई-ठाण्याला पाऊस लागला तो २५ जूनच्या सुमारास. म्हणजे ढग होते म्हणून मृग दिसला नाही, ही सबबही मला उरली नाही.

घरी येऊन पंचांग काढले, दोन-चार जाणत्यांना विचारले, आणि तीस वर्षांनी उलगडा झाला. तो इतका सोपा आहे की तुम्हाला आधीच ठाऊक असेल तर मला हसू नका. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. पृथ्वीवरून पाहताना सूर्य ज्या चांदण्यांच्या पुढ्यात उभा दिसतो, ते त्याचे नक्षत्र. नक्षत्रे सत्तावीस, वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. भागून पाहा, एका नक्षत्राला तेरा-चौदा दिवस येतात. म्हणून रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. आणि सूर्य ज्या नक्षत्रात, ते नक्षत्र सूर्याबरोबरच उगवणार आणि सूर्याबरोबरच मावळणार. म्हणजे ज्या पंधरवड्यात आपण मृग मृग करतो, नेमका त्याच पंधरवड्यात मृग दिसणे शक्य नाही! तो पाहायचा डिसेंबर ते मार्च.

मग ऑगस्ट आला. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आपल्या चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला आणि त्यातून प्रज्ञान नावाची लहानशी गाडी बाहेर आली. पाड्यापाड्यांवर लोकांनी मोबाइलला डोळे लावून ते पाहिले. पुढच्या फेरीला पोरीच्या भावाने मला विचारले, "साहेब, मृगावर गाडी कधी जाणार?" मी म्हणालो, "थंडीत येतो, तेव्हा दोघांना मृगच दाखवतो." आणि विसरून गेलो, असे नाही, पण आमच्या खात्याचा डिसेंबर कसा असतो हे तुम्ही जाणताच.

जानेवारीत म्हशाच्या यात्रेला गेलो. मुरबाड तालुक्यातली ही यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तिथला गुरांचा बाजार लांबलांबच्या शेतकऱ्यांना खेचून आणतो. बैल, म्हशी, घोंगड्या, पाट्या-वरवंटे, पाळणे, गर्दीची धूळ. २०२४ साली पौष पौर्णिमा २५ जानेवारीला होती. दिवस कलला तसा पश्चिमेला सूर्य टेकला आणि त्याच वेळी पूर्वेला डोंगरावरून चंद्र वर आला. लहान मुलांना पौर्णिमा शिकवायची तर ही वेळ चुकवू नका. मोकळ्या माळावर मुलाला उभे करा, एक हात मावळत्या सूर्याकडे, दुसरा उगवत्या चंद्राकडे. मध्ये आपण. सूर्याचा उजेड आपल्यावरून पलीकडे जाऊन चंद्राच्या आख्ख्या तोंडावर पडतो, म्हणून तो गोल दिसतो. याहून जास्त सांगायची गरज नाही. मुले बाकीचे आपणच विचारतात.

जाता जाता महिन्यांच्या नावांचेही सांगून टाकतो. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून महिन्याला नाव पडले. पुष्याजवळ तो पौष, चित्रेजवळ तो चैत्र, आणि मृगशीर्षाजवळ तो मार्गशीर्ष. कॅलेंडरवरचे नाव आणि आकाशातला चंद्र यांची अशी सोयरीक आहे, हे घरातल्या शाळकरी मुलाला एकदा अंगणात उभे राहून दाखवा.

त्या गर्दीत पोरीचा आजा भेटला. मी विचारले, "बाबा, पोरं कुठं?" म्हणाला, "भट्टीवर गेली. दिवाळी झाल्यावरच गेली समदी." मी चपापलो. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे मला काही नवीन नव्हते. पण थंडीत आभाळ दाखवीन म्हणताना ते ध्यानात आले नव्हते. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने आभाळ झाकलेले असते आणि मुले पाड्यावर असतात. आभाळ उघडते तेव्हा मुले भट्टीवर.

आजाला मी मृगाचे विचारले. त्याने मान वर केली, चंद्राच्या लख्ख उजेडात क्षणभर शोधले आणि बोट केले. "त्ये तिकांडं. तीन चांदण्या एका रांगेत. भाताच्या राखणीला बसलो म्हंजी त्ये निघाल्यावर कळायचं, मध्यान रात झाली. डुकरं येतात त्या वक्ताला." घड्याळ कधी हाताला न बांधलेला माणूस. तिकांडे म्हणजे मृगाच्या पोटातला बाण. त्याला सारे येत होते. नातवंडांना सांगायचे राहून गेले होते, कारण नातवंडे त्याच्यापाशी नसतात.

मी भट्टीचा पत्ता विचारून घेतला. सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूरला जाणारा रस्ता आहे. त्या अंगाला नदीकाठी ती भट्टी होती. पौष अमावस्या ९ फेब्रुवारीला होती. चंद्राची अडचण नको म्हणून अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी मोटारसायकलने गेलो. बरोबर मित्राकडून मागून आणलेली दुर्बीण, शिकाऱ्यांची असते तशी साधी दोन डोळ्यांची.

कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेली खोपटी असते, तिला इकडे भोंगा म्हणतात. पूर्वी याच ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी शाळा चालवल्या, त्यांचे नाव भोंगा शाळा असेच पडले. पोरगी भोंग्याबाहेर चुलीला फुंकर घालीत होती. आई-बाप चिखलात होते. मला पाहून म्हणाली, "बियाणं आणलं का?" मी म्हणालो, "नाही, मृग आणलाय."

अंधार पडला. मृग जवळजवळ डोक्यावर, जरासा दक्षिणेला कललेला होता. रोहिणी अगदी माथ्यावर. चौकोनाचे चार पाय, मध्ये तिकांडे. तिकांड्याची रेघ एका बाजूला वाढवत नेली की रोहिणीचा तांबूस तारा आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. दुसऱ्या बाजूला वाढवली की व्याध, साऱ्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. पोरीला हे सांगायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. तिने लगेच विचारले, "मग तवा का नव्हता?"

इथे माझी खरी परीक्षा होती. समोर भट्टी पेटलेली होती. तिच्या पलीकडे विटा वाहणारा ट्रॅक्टर उभा. मी विचारले, "तो ट्रॅक्टर दिसतो का?" भट्टीच्या उजेडाने डोळे दिपत होते, पलीकडचे काही दिसत नव्हते. "आता भट्टीला अर्धी फेरी मारू." चालत चालत आम्ही पलीकडे गेलो. आता भट्टी समोरच होती आणि ट्रॅक्टर आमच्या पाठीशी, अगदी स्वच्छ दिसणारा. "भट्टी म्हणजे सूर्य. आपण म्हणजे पृथ्वी. ट्रॅक्टर म्हणजे मृग. अर्धी फेरी म्हणजे सहा महिने." तिने काही उत्तर दिले नाही. भावाचा हात धरला आणि आणखी एक पुरी फेरी मारली. अर्ध्यावर थांबायची, ट्रॅक्टर आहे का पाहायची, पुन्हा चालायची. परत आली तेव्हा म्हणाली, "ह्ये भट्टी दर साल असंच करतो आम्ही. आधी पाडा, मग भट्टी." तिला काय म्हणायचे होते ते मी अजून नक्की सांगू शकत नाही.

मग व्याधाकडे बोट करून मी एवढेच सांगितले, की त्याचा उजेड इथे पोहोचायला सुमारे साडेआठ वर्षे लागतात. "म्हणजे तू जन्मलीस त्या सुमाराला निघालेला उजेड आज तुझ्या डोळ्यांत आला." तिच्या आईने हात धुता धुता ते ऐकले आणि ती पण वर पाहू लागली.

पश्चिमेकडे गुरू चमकत होता. धाकट्याला मी एकच खेळ शिकवला: जो लुकलुकतो तो तारा, जो ठाम जळतो तो ग्रह. चार-पाच वर्षांच्या मुलाला याहून अधिक काही सांगू नये असे माझे मत आहे. दुर्बीण विटांच्या चवडीवर टेकवून गुरूवर लावली. गुरूच्या बाजूला एका ओळीत बारीक ठिपके दिसले. ते गुरूचे चंद्र. १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिले तेच. तो पोरगा दुर्बीण सोडीना. भट्टीवरची आणखी सात-आठ मुले जमली. मुकादमाने येऊन एकदा डोळा लावला आणि "खरंच की!" म्हणून गेला.

आता हीच विद्या शहापूरच्या बाजूला कशी नेली ते सांगतो. किन्हवलीवरून शहापूर, तिथून डोळखांबकडे गेलात की दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात. फेब्रुवारीअखेर ती कोरडी पडलेली असतात. एका शाळेच्या भिंतीवर नऊ ग्रहांचा तक्ता होता, सारे जवळजवळ एकाच आकाराचे आणि लगडलेल्या बोरांसारखे एकमेकांना चिकटून. आम्हीही लहानपणी नऊच शिकलो. २००६ साली प्लूटोला त्या पंगतीतून उठवले, आता ग्रह आठ. पण तक्त्याचे खरे खोट त्यात नाही. त्यातून अंतर कळत नाही, आणि अवकाश म्हणजे तर मुख्यत्वे अंतरच.

मी गुरुजींना म्हणालो, आपण नागलीपासून सुरुवात करू. नागलीचा एक दाणा म्हणजे आपली पृथ्वी. याच मापाने सूर्य केवढा? पाऊण वितीचा लाल भोपळा. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे एकशे नऊ पट आहे, त्या हिशेबाने हे बरोबर बसते. भोपळा बांधावर ठेवला आणि पावले मोजत निघालो. साडेआठ पावलांवर बुध, नागलीच्या पिठातली कणी. सोळा पावलांवर शुक्र, नागलीचा दाणा. बाविसाव्या पावलावर आपण, दुसरा दाणा. चंद्र? या दाण्यापासून चार सेंटिमीटर, म्हणजे दोन-अडीच बोटांवर एक धुळीचा कण. माणूस आजवर गेला आहे तो एवढेच. तेहतीस पावलांवर मंगळ, नागलीचा अर्धा दाणा. इथपर्यंत सगळी मुले बरोबर होती आणि गंमत चालली होती.

पुढे खाचर संपले. गुरू म्हणजे एक बोर, ते न्यायचे एकशे चौदा पावलांवर. शनी जरा लहान बोर, त्याला गवताच्या काडीचे कडे करून घातले, दोनशे दहा पावलांवर. युरेनस तुरीचा दाणा, चारशे वीस पावलांवर. नेपच्यून दुसरा तुरीचा दाणा, त्याला घेऊन एक मोठा मुलगा निघाला तो साडेसहाशे पावले चालत ओढ्यापलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. गुरुजींनी शिट्टी मारली तरी ऐकू जाईना. बांधावर उभ्या मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळले की मधे सारे रिकामे आहे. "एवढं मोकळं रान?" एकजण म्हणाला. मी विचारले, याच मापाने सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवावा लागेल? कुणी शहापूर म्हणाले, कुणी मुंबई. उत्तर आहे सुमारे चार हजार चारशे किलोमीटर. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची वाट धरली तरी पुरी पडत नाही. गुरू मात्र मधल्या सुट्टीत कुणीतरी खाऊन टाकला.

लांबचे झाले, जवळचेही सांगा. अवकाश कुठे सुरू होते? शंभर किलोमीटर वर गेले की अवकाश, असे मानण्याची रीत आहे. शहापूरहून नाशिक साधारण तेवढेच. रस्ता तेवढा आडवा नसून उभा. अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरवरून दीड-एक तासात पृथ्वीला फेरी मारते. २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशु शुक्ला तिथे राहून आले. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर न लुकलुकता, आवाज न करता सरकत जाणारी ठळक चांदणी दिसली तर ती बहुधा तीच. नव्या समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. म्हणजे त्या स्थानकातली माणसे डोक्यावरून जातात तेव्हा आपल्याला नागपूरपेक्षाही जवळ असतात.

समृद्धीचे नाव निघाले म्हणून बोलतो. या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. रस्ता हवा, त्याला माझी ना नाही. भाजीपाला लवकर पोहोचतो. पण माहुलीच्या पायथ्याला, आसनगाव-आटगावच्या बाजूला, जिथे पूर्वी दूध सांडल्यासारखी आकाशगंगा दिसे, तिथे आता इमारती, फार्महाऊस आणि रात्रभर जळणारे पांढरे दिवे आहेत. तानसा, भातसा, वैतरणा या बाजूच्या धरणांचे पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात शहापुरातल्या कित्येक पाड्यांना टँकर लागतो, हे रडगाणे जुने आहे. आता अंधारही तसाच जाणार, असे दिसते. मुंबईचे खगोल मंडळ वर्षानुवर्षे शहरातल्या लोकांना वांगणीला आणून रात्रभर आकाश दाखवीत आले. वांगणी आपल्या मुरबाडच्या शेजारी, अंबरनाथ तालुक्यात. शहरातला माणूस पैसे मोजून जे पाहायला येतो, त्याच्यावर आपण अंगणातला एक दिवा लावून पडदा ओढतो. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान मिळाला. भारतात असा मान मिळालेले ते पहिले. तिथल्या गावांत दिवे खाली तोंड करून लावले आहेत. आपल्याला उद्यान नको. अंगणातल्या दिव्याला वरून पत्र्याची टोपी घाला आणि झोपताना तो बंद करा, एवढे पुष्कळ.

घरी मुलांना घेऊन बसायचे तर थंडीतली अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. पायांत चपला असू द्या, बसायच्या जागेवर आधी बॅटरी फिरवा. विंचू आकाशातच राहिलेला बरा. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावला तर डोळे दिपत नाहीत. उत्तरेला तोंड करून हात लांब करा, मुठीवर मूठ ठेवा. क्षितिजापासून दोन मुठींवर ध्रुव. तो सर्वांत तेजस्वी नाही, साधाच आहे. पुष्कळांची इथेच फसगत होते. काश्मीरमध्ये तोच साडेतीन मुठींवर दिसेल, कारण आपण जितके उत्तरेला जाऊ तितका तो वर चढतो. सप्तर्षींना तुमच्याकडे म्हातारीचे बाजले म्हणतात की आणखी काही, ते घरच्या आजीला विचारा आणि तेच नाव मुलांना सांगा.

दिवसाचा एक प्रयोग आहे, तो मे महिन्याच्या सुट्टीत करण्यासारखा. १६ मेच्या सुमारास मुरबाड-शहापूरला दुपारी साडेबाराच्या थोडे पुढे सूर्य नेमका डोक्यावर येतो. अंगणात सरळ उभी काठी रोवा. तिची सावली आक्रसत आक्रसत बुडाशी नाहीशी होते. पळवाटेला सावलीसुद्धा नाही, असे म्हणतात ना, ते त्या मिनिटाला खरे होते. जुलैअखेरीस पुन्हा असा दिवस येतो, पण तेव्हा सूर्य दिसायला तर हवा! सूर्याकडे मात्र कुणी उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून पाहायचे नाही, हे मुलांना दरडावून सांगा.

आणि प्रश्नांची लाज बाळगू नका. कोल्हापूरला जन्मलेले आपले थोर शास्त्रज्ञ जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. मुले त्यांच्याकडे सही मागत, तेव्हा ते म्हणत की मला पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. आणि तसे ते करीत. पन्नास पैशांत एवढे मिळत होते. मला आजही वाटते, त्या पोरीचा प्रश्न मी त्यांना पाठवायला हवा होता.

तिचे सांगायचे राहिले. २०२४ चा जून. पाऊस यंदा वेळेवर लागणार अशी चिन्हे होती. भट्टीवरून माणसे परतली होती आणि त्याच पाड्यावर माझी तीच बादली, तेच मीठ. बोलता बोलता मी म्हणालो, "मृग निघाला." कुठल्याशा दुसऱ्या पोराने विचारले, "कुठं?" मी तोंड उघडायच्या आत ती बादलीपाशी बसल्या बसल्या, मान खालीच ठेवून, हात वर करून सूर्याकडे बोट दाखवीत म्हणाली, "त्याच्या मागं. थंडीत बघ." आणि पुन्हा तरंगणारे दाणे काढू लागली.